सरासरीपेक्षा पाच वर्षं जास्त

पंडित आबांनी अखेर छातीत यंत्र बसवून घेतलं. ऑपरेशन नीट झालं, यंत्र नीट चालू आहे, आणि आबा हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सदऱ्याचं वरचं बटण काढून टाक्यांची जागा दाखवतात.

हे वाचलं असेल तर कृपया विसरा. यातलं काहीही घडलेलं नाही. आज गुरुवार आहे. सोमवारी आबांना नांदेडला दवाखान्यात भरती व्हायचंय. आबा ओसरीत बाजेवर बसलेत आणि त्यांनी आत्ताच आपल्या नातीला, सुकेशनीला, शांतपणे कळवलंय की ते कुठंही येणार नाहीत. कारण त्यांची पाळी संपली आहे. नुसती संपलेली नाही, संपून पाच वर्षं झाली आहेत, आणि कुणी पकडलं नाही म्हणून ते इतके दिवस चालू होते.

याला जबाबदार सुकेशनीच होती.

सुकेशनी पप्पूची थोरली. पप्पू म्हणजे आबांचा मुलगा. तो परभणीत ऑटो चालवतो, आणि सुकेशनी सावरगव्हाणला आबा आणि केशरआजीपाशी राहून सरकारी परीक्षांचा अभ्यास करते. परभणीच्या दोन खोल्यांत अभ्यासाला शांतता नाही, आणि सावरगव्हाणात शांततेशिवाय दुसरं काही नाही. तिला मोठ्यानं वाचायची सवय. मनात वाचलेलं मनातच राहतं, परीक्षेत बाहेर येत नाही, असा तिचा अनुभव आहे, म्हणजे तीन परीक्षांचा. त्यामुळे घरात सगळ्यांचाच अभ्यास होतो. भाकरी थापता थापता केशरआजी महान्यायवादीची नेमणूक कोण करतं ते बिनचूक सांगते. महान्यायवादी म्हणजे कोण हे तिला माहीत नाही, आणि नेमणूक झालेली असल्यामुळे आता विचारून उपयोग नाही असं तिचं म्हणणं.

त्या गुरुवारी सकाळी सुकेशनीनं चालू घडामोडींचं पान उघडलं आणि सुरात वाचायला लागली. जगातलं सरासरी आयुर्मान त्र्याहत्तर. मोनॅको शहाऐंशी. जपान जवळपास पंच्याऐंशी. श्रीलंका सत्त्याहत्तर. बांगलादेश चौऱ्याहत्तर. भारत बहात्तर. पाकिस्तान अडुसष्टाच्या आत. चाड पंचावन्न. नायजेरिया चोपन्न.

बाजेवरून आवाज आला. "आपलं किती म्हनलीस?"

"बहात्तर."

"आन माझं वय?"

"सत्त्याहत्तर. सर्व्हिस बुकात हाय तसं."

आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग सरासरी म्हणजे नेमकं काय, एवढंच विचारलं. इथं सुकेशनी चुकली. तिला पुढं बरंच वाचायचं होतं, म्हणून पाचवीच्या पुस्तकात असतं तेवढंच उत्तर तिनं देऊन टाकलं: सगळ्यांचं मिळून जेवढं होतं, ते सगळ्यांना सारखं वाटलं तर एकेकाच्या वाट्याला येईल तेवढं. उत्तर बरोबर आहे. दुसऱ्या कोणत्याही म्हाताऱ्यानं ते ऐकून चहा मागितला असता.

पण आबा पाटकरी होते. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी कालव्याचं दार उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. येलदरी धरणाचं पाणी सुटायचं, मोठ्या कालव्यानं वाहत यायचं, आणि त्याला फुटलेल्या चारीनं सावरगव्हाणच्या शिवारात फिरायचं. चारीच्या तोंडाशी ज्यांची जमीन ते हेडवाले, शेवटाला ज्यांची ते टेलवाले. हेडवाल्यांनी हवं तेवढं घ्यायचं आणि टेलवाल्यांनी उरलंसुरलं वाट बघत बसून घ्यायचं, हा सगळीकडचा दस्तूर. खात्याचा नियम मात्र असा की पाणी द्यायला टेलपासून सुरुवात करायची. हा नियम कागदावर होता, आणि तो तिथंच सुखानं राहावा अशी हेडवाल्यांची, साहेबांची आणि बहुधा कागदाचीही इच्छा होती. आबांनी तो उचलून चारीवर आणला. त्यापायी त्यांची सायकल अनेकदा कालव्यात पडली. कुणी टाकली ते कधीच कळलं नाही, पण दर वेळी ती वाहत जाऊन टेललाच निघायची. टेलवाले ती पुसूनपासून आणून द्यायचे.

अशा माणसाला तुम्ही सांगितलं की एकूण इतकं आहे आणि सारखं वाटलं तर माणशी बहात्तर येतं, तर तो चहा मागत नाही.

"म्हंजे पाच वर्सं झाली," आबा म्हणाले, "मी दुसऱ्याच्या पाळीचं पानी घ्यायलोय."

इथं एक सांगायला हवं. पंधरा दिवसांपूर्वी आबा चारीच्या पुलावर बसल्या बसल्या घेरी येऊन कलंडले होते. परभणीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि सांगितलं की हृदय फार सावकाश चालतंय, चालता चालता कधीही थांबेल. नांदेडला नेऊन छातीत यंत्र बसवावं लागेल, म्हणजे हृदय विसरलं की यंत्र आठवण करून देईल. सरकारी योजनेत खर्च बसत होता, तारीख मिळाली होती, पप्पूचा ऑटो आणि एका मित्राची जीप अशी दोन्ही वाहनं ठरली होती. सगळं जमलं होतं. फक्त पेशंट हटून बसला.

आबांनी त्याच सकाळी बीपीची गोळीही परत केली. पाकीट सुकेशनीच्या हातात ठेवून म्हणाले, बहात्तरच्या आतल्या कुणाला तरी दे.

केशरआजीनं चुलीपाशी बसून हे सगळं ऐकलं होतं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो बायांचं किती असतं हा. सुकेशनीनं सांगितलं की बाया पुरुषांपेक्षा तीनेक वर्षं जास्त जगतात, आपल्याकडे आणि बहुतेक सगळीकडेच. आजी एकाहत्तरची होती. तिनं मनात हिशेब केला आणि तिचा चेहरा उजळला.

"मंजी माझी पाळी चालू हाय अजून," ती म्हणाली. "आन ह्यांच्यामागं तीन वर्सं निवांत. रेडिओ माझा, बाज माझी."

आबांनी होकारार्थी मान हलवली. हक्काचं असेल तर घ्यावं, त्यांची हरकत नव्हती. आजीनं ताटात भाकरी वाढली. मग दुसरी वाढली. मग तिसरी वाढायला गेली तेव्हा आबा नको म्हणाले, तर ती चूल सोडून उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. सुकेशनी बघायला गेली तर आजी धुतलेली भांडी पुन्हा धुवत होती.

पप्पूला फोन केला तेव्हा तो वसमत रोडला होता, ऑटोत चार सीट होत्या, आणि फोन स्पीकरवर होता, कारण पप्पूचा फोन दुसऱ्या कोणत्याच पद्धतीनं चालत नाही. पप्पू बापावर ओरडला. सरकारी आकडे कुणी इतके मनावर घेतं का, असं म्हणाला. यावर मागच्या सीटवरचे एक गुरुजी म्हणाले की आकडे सरकारी नाहीत, ते युनोचे असतात. तेव्हा शेजारच्या एका बाईंनी विचारलं की बांगलादेश आपल्या पुढं कसा काय. मग तो विषय निघाला. बांगलादेशानं दाया आणि डायरियावरच्या मीठ-साखरेच्या पुड्या गावोगाव पोचवल्या असं गुरुजींचं मत पडलं, मासे खातात म्हणून असं बाईंचं, आणि तिसरा प्रवासी आपल्याला आधीच उतरायचं होतं असं सांगत होता, ते कुणी ऐकलं नाही. त्याला शेवटी विद्यापीठाच्या फाटकापाशी सोडलं. तिथं त्याचं काही काम नव्हतं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गुरुजींची बाजू बरोबर आहे असा निकाल देऊन फोन ठेवला.

शुक्रवारी आबा काठी घेऊन हेडला निघाले. सुकेशनी मागोमाग गेली, कारण डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि कारण आबांच्या चेहऱ्यावर ड्युटी दिसत होती.

हेडला मुंजाजीरावांचा मळा. मुंजाजीराव चौऱ्याऐंशीचे. सगळी हयात त्यांनी चारीत दगड घालून, पोती टाकून, एकदा तर स्वतः आडवं झोपून पाणी वळवलं, आणि सगळी नोकरी आबांनी त्यांना पकडलं. त्यातून दोघांना एकमेकांची इतकी सवय लागली की आबा निवृत्त झाल्यावर मुंजाजीरावांचा पाणी चोरण्यातला रसच गेला. नवीन माणूस बघायलाच येत नव्हता. आता दोघं आठवड्यातून दोनदा बांधावर बसतात आणि कोणत्या साली कोण खोटं बोललं ते ठरवतात.

"राम राम पंडितराव."

"जय भीम मुंजाजीराव," आबा म्हणाले आणि खाली बसले नाहीत, उभेच राहिले. "तुमी बारा वर्सं जास्त घेतलीत."

मुंजाजीरावांचा हात सवयीनं पाठीमागं गेला. "कवा? म्या तर औंदा दाराला हात बी लावला न्हाई. गळती असंल."

सुकेशनीनं मधे पडून सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत असताना मुंजाजीरावांच्या तोंडावर आधी राग आला, मग भीती आली, आणि मग, खरं सांगायचं तर, थोडासा अभिमान आला. बारा वर्षं ही काही लहान गोष्ट नव्हती. एवढं तर त्यांनी पोती टाकूनसुद्धा कधी घेतलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की सगळ्यात जास्त कोण घेतंय.

"जपान," सुकेशनी म्हणाली. मोनॅको तिनं मुद्दामच सांगितलं नाही. ते कुठं आहे ते सांगावं लागलं असतं.

"तर मंग," मुंजाजीराव म्हणाले, "जपानला कुनी धरत न्हाई, आन ह्यो गडी सकाळधरनं मला धरायला आलाय."

त्यांनी जपानी लोक काय खातात याची चौकशी केली. मासे, हिरवा चहा आणि कमी, असं कळलं. मुंजाजीरावांनी गळ्यातली माळ चाचपली. हिरव्या चहाचं बघता आलं असतं. कमी खाणं तर सुनेच्या हातात होतं आणि ती ते पाहतच होती. माशांचा इलाज नव्हता. मग त्यांनी आबांना सरळ विचारलं की समजा आपण दोघं थांबलो, तर ही सतरा वर्षं कुणाला जाणार. आबा म्हणाले की ते वरून ठरेल, आपलं काम दार बंद करणं. मुंजाजीराव म्हणाले की तू तुझं कर, मी माझ्या शेवटाला दगड घालून वर्षं अडवणार आहे, आणि तुला दम असला तर उद्या येऊन काढ.

आबा वळून चालायला लागले. सुकेशनी पाठोपाठ निघाली तेव्हा मुंजाजीरावांनी तिचा दंड धरला. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"पोरी, सोमवारी त्याला ने. कसंबी कर. मला धरायला दुसरं कोन हाय?"

शनिवारी सुकेशनीनं बुद्धी वापरायचं ठरवलं. तिनं आबांपुढं बसून सांगितलं की बहात्तर हा जन्मलेल्या बाळाचा आकडा आहे. जो सत्त्याहत्तरपर्यंत आला त्याची सरासरी वेगळी निघते. असा माणूस आपल्याकडे आणखी नऊ-दहा वर्षं जगतो असं शास्त्र सांगतं. त्यामुळे आबांची पाळी संपलेली नाही, उलट वाढलेली आहे. हा मुद्दा तिनं फार विचार करून काढला होता आणि यावर आबा निरुत्तर होतील अशी तिची खात्री होती.

आबा निरुत्तर झाले नाहीत. ते चिडले. जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांना इतकं चिडलेलं आजीनं पाहिलं नव्हतं.

"ज्यानं आधीच जास्त घेतलं, त्यालाच आनखी द्यायचं? ह्यो तर हेडवाल्याचाच कायदा झाला की."

सुकेशनीनं पुस्तक मिटलं. कारण नीट विचार केला तर तो होताच.

मग तिनं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. म्हणाली, बहात्तर हे आत्ताचं आहे. मधे कोरोनात थोडं खाली गेलं होतं, ते परत वर आलं, आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तर ते बत्तीसच्या आसपास होतं. आबांनी विचारलं, बत्तीस? तिनं पुन्हा सांगितलं, बत्तीस. आबांनी मनाशी बत्तीस वर्षांचा माणूस उभा केला. तो त्यांना पप्पूएवढासुद्धा दिसेना. त्यांनी विचारलं की मग वाढलं कसं. धरणाची उंची वाढवली, की पाऊस जास्त पडायला लागला? आणि मधे कोरोनात खाली गेलं होतं म्हणतेस, ते परत वर कसं आलं?

इथं सुकेशनीला थांबायला हवं होतं आणि ती थांबली नाही. तिनं सांगितलं की म्हातारे काही फार जास्त जगायला लागले असं नाही, तेही थोडंसं झालं, पण मोठी गोष्ट ही की लेकरं मरायची थांबली. पूर्वी जन्मलेल्या सहा-सात लेकरांतलं एक वर्षाच्या आत जायचं. एक लेकरू गेलं की सरासरी किती खाली येते ते तिनं बोटांनी करून दाखवलं: एक सत्तरचा आणि एक शून्याचा, दोघांची पस्तीस. लस आली, स्वच्छ पाणी आलं, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली, लेकरं वाचली, आणि आकडा आपोआप वर चढला.

 केशरआजीनं सुकेशनीकडं बघून मानेनंच नको म्हटलं, पण तोवर उशीर झाला होता.

आबांना एक बहीण होती. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतरची. घरात जुनी नावं ठेवायची बंद झाली होती आणि सगळ्यांनी मिळून मोठ्या हौसेनं तिचं नाव धम्मशीला ठेवलं होतं. त्या घरातलं ते पहिलं नवं नाव. आबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, तिला कडेवर घेऊन गावभर फिरायचे आणि विचारणाऱ्याला नाव पूर्ण सांगायचे. ते नाव लोकांच्या तोंडी नीट बसायच्या आत पावसाळ्यात तिला हगवण लागली आणि ती गेली. गावात पाणी प्यायचा नाला एकच होता, आणि त्यांच्या वस्तीच्या वाट्याला तो खालच्या बाजूला यायचा. सुकेशनीनं हे कधीतरी ऐकलं होतं, पण आबांच्या तोंडून नाही.

"तिची बहात्तर कुटं गेली?" आबांनी विचारलं. ते कुणाकडेच बघत नव्हते. "गुरुवारपासनं मी त्योच इचार करायलोय. पाच म्या घेतली. बारा मुंजाजीनं. बाकीची कुनी घेतली?"

आत्तापर्यंत सुकेशनीला वाटत होतं की आबांचं गणित चुकलंय. आता तिला कळलं की आबा गणित करतच नव्हते. पासष्टहून जास्त वर्षांपूर्वीची एक चोरी ते पकडायला निघाले होते, आणि चोर म्हणून त्यांना स्वतःशिवाय कुणी सापडत नव्हता.

ती बाजेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. परीक्षेत लिहिता येईल असं एकही वाक्य तिला सुचलं नाही.

"कुनीच न्हाई घेतली आबा," ती म्हणाली. "ती वाया गेली. तुमी पाचनं कमी जगला असता तरी तिला पाच मिळाली नसती. हे चारीचं पानी न्हाई. एकानं दार बंद केलं म्हनून दुसऱ्याच्या रानात जात न्हाई."

"मंग कुटं जातं?"

"नाल्याला."

पाटकऱ्यासमोर हा शब्द उच्चारायचा नसतो. पाणी हेडवाल्यानं चोरलं तर निदान कुणाच्या तरी ज्वारीला जातं. शेवटी पकडलेला चोरही भाकरीच खात असतो. पण रात्रीतून दार उघडं राहावं आणि धरणातून एवढ्या लांब आलेलं पाणी टेलच्याही पुढं जाऊन नाल्याला मिळावं, यासारखं पाप आबांच्या लेखी दुसरं नव्हतं. एका हिवाळ्यात चारी फुटली होती तेव्हा ते भर थंडीत फुटलेल्या जागी पाठ लावून बसले होते, माणसं आणि माती येईपर्यंत. त्याबद्दल त्यांना निमोनिया आणि साहेबांचं शाबासकीचं पत्र मिळालं. निमोनिया आधी आला.

"सोमवारी तुमी न्हाई आलात," सुकेशनी म्हणाली, "तर तुमची नऊ-दहा वर्सं बी नाल्यालाच जानार. टेलला कुनीच न्हाई उभं, आबा. म्या बघितलंय. कुनाच्याच रानात जात न्हाईत ती."

आजी पदरानं डोळे पुसत होती आणि धुराचं निमित्त सांगत होती. चूल पेटलेली नव्हती.

आबांनी बराच वेळ विचार केला. त्यांचं हृदय सावकाश चालत होतं, त्यामुळे विचारही सावकाशच झाला असावा. मग त्यांनी विचारलं, "ते चाड का काय म्हनलीस, पंचावन्नवाले. तितलं लेकरू बी नाल्यालाच जायलंय का?"

"हाव. त्यांचं लय जातं."

"आन तितं चारी कामून काढत न्हाईत? आपल्याकडं काढली तशी?"

सुकेशनी म्हणाली की काढतायत. लस जाते, औषधं जातात, पण सावकाश, आणि मधेच कुणी तरी पैसे बंद करतं, मधेच लढाई होते. तिथलाही आकडा वर येतोय, पूर्वी तर तो चाळिशीतच होता.

"सावकास," आबा म्हणाले. हा शब्द त्यांनी खात्यात खूप वेळा ऐकला होता. त्यांनी बाजेखालची चप्पल पायानं ओढली. त्यांच्या अंगात एकदम जुना माणूस आला. "बीपीची गोळी आन. सोमवारी येतो म्या. पन आदी अर्ज लिव्ह. अर्ज गेल्याबिगर म्या जीपमदी बसनार न्हाई."

सुकेशनीनं विचारलं, कुणाच्या नावे. आबा म्हणाले, जो कुणी वर बसून हे वाटायलाय त्याच्या. तिनं सांगितलं की असं कुणी नाही. आबांना हे पटलं नाही. एवढा मोठा कालवा, हेडला शहाऐंशी आणि टेलला चोपन्न पाणी, आणि त्यावर कार्यकारी अभियंता नाही, हे त्यांच्या नोकरीच्या अनुभवात बसत नव्हतं. पद रिक्त असेल, ते म्हणाले, म्हणून काय अर्ज द्यायचा नाही?

रविवारी दुपारी अर्ज झाला. आबा सांगत गेले, सुकेशनी त्याला सरकारी भाषेत बसवत गेली. तिच्या तीन परीक्षांचा पहिला खरा उपयोग तो. मुंजाजीराव मुद्दाम हेडहून चालत आले, अर्ज दोनदा वाचून घेतला, हेडच्या वतीनं आपलीही सही पाहिजे म्हणाले, आणि सही करताना तोंडातल्या तोंडात पुटपुटले की आयुष्यात पहिल्यांदाच टेलच्या बाजूनं कागदावर येतोय, घरी सांगू नका. केशरआजीनं अंगठा द्यायचा हट्ट धरला, तिला सही येत असतानाही, कारण तिच्या मते अंगठ्याला वजन असतं. मग आबांनी स्वतः उठून कपाटातून धुतलेलं धोतर काढलं आणि नांदेडच्या पिशवीत ठेवलं.

अर्ज असा:

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
आयुष्य वाटप विभाग, सर्व देश.

विषय: टेलच्या देशांतील लेकरांची वर्षे वाया जात असल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार श्री. पंडित हे पाटबंधारे खात्यातील सेवानिवृत्त पाटकरी असून त्यांचा वाटपाचा अनुभव दांडगा आहे. आपल्या अखत्यारीतील चाड, नायजेरिया व इतर गावांना, म्हणजे देशांना, मंजूर आयुष्य पूर्ण क्षमतेने पोचत नसून त्याचा मोठा भाग पहिल्या वर्षातच नाल्यास मिळत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर नुकसान हेडचे देश जास्त घेतात म्हणून होत नसून चारी अर्धवट खोदल्यामुळे होत आहे, असे अर्जदाराच्या नातीचे म्हणणे आहे व ते अर्जदारास मान्य आहे. करिता चारीचे काम विनाविलंब पूर्ण करून घ्यावे. दरम्यान कोणत्याही देशाचे दार कमी करू नये. मुंजाजीराव यांचेही नाही.

तसेच, अर्जदाराची बहीण कु. धम्मशीला हिची पूर्ण वर्षे सन एकोणीसशे अठ्ठावन्नमध्ये वाया गेली असून ती परत मिळण्याची तरतूद नियमात नसल्याचे अर्जदारास ठाऊक आहे. मात्र अर्जदार उद्या छातीत यंत्र बसवून घेत असल्याने त्यांच्या खाती अंदाजे नऊ ते दहा वर्षे शिल्लक पडणार आहेत. सबब, त्यापैकी एक वर्ष कमी करून ते चाड येथील, ज्या लेकराचे नाव घरच्यांच्या तोंडी अजून नीट बसलेले नाही अशा कोणत्याही एका लेकराच्या नावे वर्ग करण्यात यावे, आणि तसे केल्याची पोच अर्जदारास सोमवारी सकाळी जीप निघण्यापूर्वी मिळावी, ही नम्र विनंती.